कोठडीऐवजी आधार

लॉस एंजेलिसच्या पोलीस दलात १९१६ मध्ये स्वयंसेविका म्हणून आलेल्या जॉर्जिया अ‍ॅन रॉबिन्सन १९१९ मध्ये रीतसर पोलीस झाल्या. अमेरिकेतील पहिल्या कृष्णवर्णीय महिला पोलिसांत त्यांची गणना होते. वाट चुकलेली मुलगी समोर आली की तिला कोठडीत धाडण्यापेक्षा सेवासंस्थेकडे सोपविणे त्यांना उचित वाटे. निराधार स्त्रिया व मुलींसाठी ‘सोजर्नर ट्रुथ होम’ हे आश्रयगृह उभारण्यात त्यांचा मोलाचा वाटा होता. १९२८ मध्ये तुरुंगातील भांडण सोडविताना डोक्यास मार बसून त्यांची दृष्टी गेली आणि नोकरीही सुटली. आश्रयगृहाची सेवा मात्र सुटली नाही. वेतन थांबले तरी पत्करलेले दायित्व संपत नाही, हे त्यांनी आचरणातून दाखविले.