दोन एककांत हरवलेले निदान

सिंगापुरातल्या सरकारी आरोग्य तपासणी योजनेत मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि काही कर्करोगांची चाचणी होते. रक्तातले कॅल्शियम त्यात नाही. धडधाकट माणसाचे ते सरसकट तपासायची गरजही नाही. पण साठी-सत्तरीतल्या माणसाची पाठदुखी आठवडेच्या आठवडे हटत नसेल आणि थकवाही वाढत असेल, तर ही साधी तपासणी टाळणे महागात पडते.

मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कर्करोग. त्यात हाडे पोखरली जातात आणि त्यांतले कॅल्शियम रक्तात उतरते. तहान लागते, लघवीला वारंवार जावे लागते, बद्धकोष्ठ होते, बोलण्यात गोंधळ होतो. हिमोग्लोबिन घसरते, मूत्रपिंडे मंदावतात. यातले प्रत्येक लक्षण ‘वय झाले’ या सबबीखाली खपून जाते. पाठीला वेदनाशामक, पोटाला चूर्ण, हाडांना कॅल्शियमची गोळी! यातली काही वेदनाशामके मूत्रपिंडांना आणखी दुखावतात आणि गोळी नको तिथे भर घालते.

भारतातून मुलांकडे आलेल्या आई-वडिलांच्या बाबतीत धोका दुहेरी आहे. भारतातल्या रिपोर्टात कॅल्शियम बहुधा मिलिग्रॅममध्ये असते, सिंगापुरात मिलिमोलमध्ये. पुण्यात ९.८ असलेला आकडा इथे २.९ दिसला, की कॅल्शियम घटले असेच घरच्यांना वाटेल. प्रत्यक्षात २.९ म्हणजे तिकडचे ११.६, म्हणजे धोक्याची पातळी. अल्ब्युमिन कमी असेल तर वाढलेले कॅल्शियमही नॉर्मल भासते. तो हिशेब डॉक्टरांनीच करायचा.

कॅल्शियम वाढले म्हणजे कर्करोगच, असे नाही. पॅराथायरॉइड ग्रंथीचा दोष हेही मोठे कारण आहे. मायलोमाचा माग लागतो तो प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस आणि फ्री लाइट चेन या चाचण्यांतून. लघवीच्या नेहमीच्या पट्टीवर त्याचे प्रथिन अनेकदा उमटतच नाही.

जुलै २०२३ पासूनची ‘हेल्दिअर एसजी’ योजना चाळिशीपुढच्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना एका ठरलेल्या डॉक्टरशी जोडते. पाहुणे आलेल्या आई-वडिलांना ती लागू नाही. म्हणून त्यांचे हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि अल्ब्युमिन एककांसह एकाच कागदावर लिहा आणि तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा. पाठदुखीसोबत यातले काही बिघडलेले असेल, तर मायलोमाची तपासणी झाली का, हे स्पष्ट विचारा. तहान आणि गुंगी एकदम वाढली, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता इस्पितळ गाठा.