म्हातारपण बाजारात मांडू नका

मार्च 2023 मध्ये राज्य कर्मचाऱ्यांचा संप झाला, तेव्हा कोल्हापुरातही ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा घुमली. माझी एक मैत्रीण त्या संपात होती. सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. मुस्लिम आहे, व्याज घेत नाही. तिने मला विचारले, “माझ्या पगारातून कापलेला पैसा व्याजावर लावला, तेव्हा मला कुणी विचारलं होतं का?”

मला उत्तर देता आले नाही.

जुन्या पेन्शनमध्ये हा प्रश्नच नव्हता. सरकारी तिजोरीतून शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम मिळे. 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांना ती बंद झाली. आता पगारातले 10 टक्के कापायचे, त्यात सरकारने भर घालायची आणि सगळे कर्जरोख्यांत, शेअरांत गुंतवायचे. निवृत्तीला किमान 40 टक्के रकमेची वार्षिकी विमा कंपनीकडून विकत घ्यायची. बाजार पडला तर तोटा बाईचा. पैसा सांभाळणाऱ्याचे शुल्क मात्र ठरलेले. इस्लामी अर्थव्यवहारात भागीदारांनी नफ्यासारखा तोटाही वाटून घ्यायचा असतो. इथे तोटा एकटीच्या पदरात!

काही पुरोगामी मित्र म्हणतात, व्याजाचा प्रश्न धर्माचा, तो आपण कशाला उचलायचा? उचलायचा, कारण सरळ दार बंद असले की चोरदार उघडते. रघुराम राजन समितीने 2008 मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली. 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने तो विषय बाजूला ठेवला. आणि 2019 मध्ये ‘हलाल’ नफ्याचे आमिष दाखवणारी बंगळुरूची आय मॉनेटरी ॲडव्हायझरी हजारोंचे पैसे घेऊन बुडाली. फसलेल्यांच्या श्रद्धेला हसू नका. त्यांना कायद्याच्या संरक्षणातला पर्याय कुणी दिला होता?

दुसरे म्हणतात, 2024 मध्ये राज्याने केंद्राची एकत्रित योजना स्वीकारली, निम्म्या पगाराची हमी मिळाली, आता रडगाणे कशाला? अट वाचा. निम्मा पगार 25 वर्षे सेवा झाली तरच. माझी मैत्रीण पोरे मोठी झाल्यावर, 40 व्या वर्षी नोकरीला लागली. 58 व्या वर्षी तिची सेवा 18 वर्षे भरेल. हिशेबाने हाती 36 टक्के. घरात राबलेली वर्षे कुठल्याच सेवापुस्तकात लिहिली जात नाहीत. अट सर्वांना सारखी दिसते, पण मोडते बाईची सेवा. शिवाय 10 टक्के कपात आहेच.

आणि तिच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला तर सेवापुस्तकच नाही.

पेन्शन म्हणजे बचत नव्हे, भीक तर नव्हेच. ती मागे ठेवलेली मजुरी आहे. ती तिजोरीतून, ठरलेली, प्रत्येक कष्टकरी बाईला मिळाली पाहिजे. मग तिला ना शेअर बाजाराकडे बघावे लागेल, ना कुठल्या ‘हलाल’ दलालाकडे. पुढच्या मोर्चात ही मागणी आपल्या फलकावर पहिली असू द्या.