सहल काशीची, विस्मृती पूर्वजांची!

मराठी माणूस आता मनसोक्त प्रवास करू लागला आहे, ही आनंदाची गोष्ट होय. तो काय पाहून परत येतो, हा मात्र चिंतेचा विषय आहे. सुट्टीचे वेध लागले की घराघरांत उत्तर भारताचे बेत शिजू लागतात. विमानाने जायचे की रेल्वेने, हॉटेल घाटापासून किती दूर, खोली वातानुकूलित आहे ना आणि सर्वांत कळीचा प्रश्न म्हणजे रात्री वरण-भात मिळेल ना, यावर दोन-दोन महिने खल चालतो. जेथे जायचे त्या भूमीशी आपले नाते काय, हा प्रश्न मात्र कुणाच्या मनाला शिवत नाही.

परिणाम ठरलेला. काशी दीड दिवसात उरकली जाते. पहाटे दर्शन, दुपारी बनारसी शालूचे दुकान, सायंकाळी दशाश्वमेध घाटावरील गंगा-आरती आणि दुसऱ्या दिवशी गाडी पुढच्या गावाला. परतल्यावर सांगण्याजोगे अनुभव दोनच : गर्दी फार होती आणि कचोरी छान होती. ज्या क्षेत्राच्या वाटेवर आपले खापरपणजोबा घरादाराची निरवानिरव करून पाऊल टाकीत, त्या क्षेत्राहून त्यांचा वंशज एवढेच घेऊन यावा, ही केवळ प्रवासाची नव्हे, स्मृतीचीही दिवाळखोरी आहे.

यात्रेचा पहिला वाटाड्या

प्रयाग, काशी आणि गया या त्रिस्थळी यात्रेचे सांगोपांग मार्गदर्शन करणारा ‘त्रिस्थलीसेतु’ हा संस्कृत ग्रंथ सोळाव्या शतकात सिद्ध झाला. त्याचे कर्ते नारायणभट्ट यांचे घराणे मूळचे पैठणचे. यात्रेकरूने काय करावे, कोठे करावे आणि का करावे, हे देशभरच्या पंडितांना एका मराठी कुळातील विद्वानाने सांगितले! विश्वनाथाच्या मंदिराची त्या शतकातील पुनःस्थापनाही याच नारायणभट्टांच्या नावाशी जोडली जाते. त्यांचे पणतू म्हणजे १६७४ मध्ये रायगडावर शिवरायांना राज्याभिषेक करणारे गागाभट्ट. पैठण, काशी आणि रायगड यांना जोडणारा हा धागा ज्याला ठाऊक नाही, त्याला काशी परकी वाटली तर नवल कसले?

पैठणचेच नाथमहाराज. त्यांच्या एकनाथी भागवताचा आरंभ पैठणला झाला आणि शके १४९५ मध्ये, म्हणजे इ.स. १५७३ ला, तो ग्रंथ पूर्ण झाला तो काशीत, कार्तिकी पौर्णिमेला. प्राकृतात भागवत लिहिले म्हणून काशीच्या पंडितांनी प्रथम आक्षेप घेतला आणि अखेर त्याच ग्रंथाची मिरवणूक काढली, असे परंपरा सांगते. वारकरी घरांत आजही या ग्रंथाचे पारायण होते. पण काशीला गेलेल्या किती पारायणकर्त्यांना ही आठवण तेथे झाली?

दगडांत कोरलेले ऋण

१६६९ मध्ये औरंगजेबाच्या आज्ञेने विश्वनाथाचे मंदिर पाडले गेले. त्यानंतर शतकाहून अधिक काळ लोटला, तेव्हा १७८० च्या सुमारास ते पुन्हा उभे केले ते पुण्यश्लोक अहल्यादेवी होळकरांनी. चौंडीच्या एका धनगर घराण्यातील कन्या, अकाली वैधव्य आलेली, पुत्रवियोग सोसलेली. आपल्या राज्याच्या सीमेपासून शेकडो कोस दूर असलेल्या देवस्थानाचा जीर्णोद्धार तिने केला, कारण तिच्या दृष्टीने धर्माला प्रांताची सीमा नव्हती. पुढे पंजाबच्या महाराजा रणजितसिंहांनी त्याच मंदिराच्या शिखरांसाठी सोने अर्पण केले. राष्ट्र ही इंग्रजांनी दिलेली देणगी आहे, असे सांगणाऱ्या विद्वानांना या एका मंदिराने उत्तर दिलेले आहे. माळव्यातील मराठी राणी आणि लाहोरचा शीख महाराजा यांना गंगातीरी एकत्र आणणारे सूत्र कोणते होते, याचे उत्तर त्यांनी खुशाल शोधावे.

घाटांवरून उत्तरेकडे चालू लागावे. भोसले घाट नागपूरकरांचा. शिंदे घाट बायजाबाई शिंद्यांचा. या घाटाच्या भाराने जमीन खचली असे लोक सांगतात आणि शेजारचे रत्नेश्वर महादेवाचे मंदिर आजही कललेल्या स्थितीत उभे आहे. पुढे पंचगंगा घाट. तेथील बिंदुमाधवाचे प्राचीन मंदिरही औरंगजेबाच्या काळातच भग्न झाले. आजचे साधे मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी उभारले. याच घाटावर अहल्यादेवींनी दिलेली दगडी दीपमाळ आहे. कार्तिक महिन्यात येथे बांबूंच्या टोकांना आकाशदीप टांगतात. जवळच पेशव्यांच्या काळातील बालाजीचे मंदिर आहे, जेथे उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी वर्षानुवर्षे सनईचा रियाज केला. २००१ मध्ये भारतरत्न झालेल्या या कलावंताने गंगा आणि बालाजी यांना कधी अंतर दिले नाही. या संस्कृतीत सर्वांना सामावून घेण्याचे सामर्थ्य आहे, याचा याहून उत्तम दाखला कोणता?

दक्षिणेकडे अस्सीजवळ भदैनी मोहल्ला. तांबे कुळातील मनकर्णिका येथे जन्मली आणि झाशीची राणी लक्ष्मीबाई म्हणून अमर झाली. तेथे तिचे स्मारक आहे; पर्यटकांच्या गाड्या मात्र त्या बाजूला क्वचितच वळतात. ‘आज’ या दैनिकाचे नामवंत संपादक बाबूराव विष्णु पराडकर काशीतल्याच मराठी घरातले. हिंदी पत्रकारितेला घडवणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. आणि हे सारे केवळ भूतकाळाचे वैभव नव्हे. २२ जानेवारी २०२४ ला अयोध्येत रामलल्लाच्या प्राणप्रतिष्ठेचे प्रमुख आचार्य होते काशीचे पं. लक्ष्मीकांत दीक्षित. त्यांचे घराणेही मूळचे महाराष्ट्रातलेच.

हा त्रिकोण कुणी आखला?

मग इतके सारे असून ते दिसत का नाही? उत्तर भारत म्हणजे दिल्ली, आग्रा आणि जयपूर हा त्रिकोण परदेशी पाहुण्यांच्या सोयीसाठी रूढ झाला. आपण तो निमूटपणे स्वीकारला. ताजमहाल पाहू नये, असे कुणीच म्हणणार नाही. पण १६६६ मध्ये औरंगजेबाच्या भर दरबारात ज्या नगरीत शिवराय स्वाभिमानाने गरजले आणि जेथून ते कैदेच्या हातावर तुरी देऊन निसटले, ती नगरीही आग्राच ना? किल्ल्यासमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. मराठी प्रवाशांची गाडी तेथे थांबत नाही, पेठ्याच्या दुकानासमोर मात्र हमखास थांबते.

दुसरीकडे, काशी म्हणजे जळती प्रेते, जटाधारी साधू आणि घाण गल्ल्या, असे चित्र रंगवणाऱ्या लेखकांची व छायाचित्रकारांची परंपरा मोठी आहे. गल्लीतली घाण खरी आहे, पंड्यांची अरेरावीही अनेकांनी सोसली आहे. त्यांचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु ज्याला मणिकर्णिकेवर फक्त धूर दिसतो आणि मृत्यूला मंगल मानणारे तत्त्वज्ञान दिसत नाही, त्याने आपल्या डोळ्यांचा दोष काशीच्या माथी मारू नये.

तरीही सारा दोष इतरांवर ढकलून चालणार नाही. हिंदुत्वाच्या घोषणा देणाऱ्या घरांतूनही काशीचे बेत असेच आखले जातात. १३ डिसेंबर २०२१ ला विश्वनाथ धामाचे लोकार्पण झाले. ललिता घाटापासून मंदिरापर्यंतचा मार्ग प्रशस्त झाला. त्या प्रांगणातील अहल्यादेवींच्या पुतळ्यासमोर क्षणभर हात जोडण्याऐवजी त्याला पाठ करून छायाचित्र काढणारे कोण असतात? २०२५ च्या प्रयागच्या महाकुंभात शासनाने जाहीर केल्याप्रमाणे ६६ कोटींहून अधिक भाविकांनी स्नान केले. श्रद्धा ओसंडून वाहते आहे. तिला ज्ञानाचा घाट बांधणे, हे आता प्रत्येक जाणत्या कुटुंबाचे काम आहे.

नियोजन कसे असावे?

त्यासाठी वेळ आणि पैसा अधिक लागत नाही. महाबळेश्वरला तीन दिवस घालवणाऱ्याने काशीला पाच दिवस द्यावेत. काळ निवडावा तो कार्तिकाचा किंवा फाल्गुनाचा. श्रावण-भाद्रपदात पुराचे पाणी घाटांवर चढते व नौका बंद होतात. पौषातील धुक्याने गाड्या रखडतात. आश्विनात जाणाऱ्याने रामनगरची महिनाभर चालणारी रामलीला चुकवू नये. तेथे आजही ध्वनिक्षेपकाविना, जुन्या पद्धतीच्या दिव्यांच्या प्रकाशात प्रभू रामचंद्रांची कथा उभी राहते. रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी खुले होते. तेच साठ दिवस वाचनालाही पुरेसे आहेत. १८५७ च्या धामधुमीत उत्तरेची यात्रा करणाऱ्या वरसईच्या विष्णुभट गोडशांचे ‘माझा प्रवास’ घरात रोज दहा पाने मोठ्याने वाचावे.

पहिला दिवस दर्शनाचा. दुसरा दिवस केवळ घाटांचा, अस्सीपासून राजघाटापर्यंत, पायी. तिसरा सारनाथचा, जेथे भगवान बुद्धांनी पहिला उपदेश केला आणि जेथील सिंहशीर्ष आज आपली राजमुद्रा आहे. चौथा महामना मालवीयजींनी १९१६ मध्ये स्थापिलेल्या हिंदू विश्वविद्यालयाचा. तेथील भारत कला भवन पाहण्यास अर्धा दिवसही अपुरा पडतो. माधवराव गोळवलकर याच विद्यापीठात शिकले, येथेच त्यांनी अध्यापन केले आणि येथेच ते ‘गुरुजी’ झाले. पाचव्या दिवशी पंचक्रोशीच्या वाटेवरील कर्दमेश्वराचे प्राचीन शिल्पमंडित मंदिर पाहावे आणि गंगेपलीकडे, पूर्वीच्या मुगलसराय स्थानकावर जावे. ११ फेब्रुवारी १९६८ ला तेथेच पं. दीनदयाळजींचा मृतदेह सापडला. २०१८ पासून ते स्थानक त्यांच्या नावाने ओळखले जाते.

मुलांना बरोबर न्यावे आणि प्रत्येक घाटावर एकच प्रश्न विचारावा : हा कुणी बांधला? उत्तर आई-वडिलांना देता आले पाहिजे. ज्या पिढीला ते देता येणार नाही, तिच्या मुलांना अहल्यादेवी हे केवळ एका जिल्ह्याचे नाव वाटेल. घाट पुराने पडले तर पुन्हा बांधता येतात, पाडलेली मंदिरेही पुन्हा उभी राहतात. हे आपल्या पूर्वजांनी सिद्ध केले आहे. विस्मृतीने पडलेले मात्र कुणालाच उभारता येत नाही. काशीचे तिकीट काढण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवावे.