मातीचे नाव, मातीचा गुण



आपण भाजीत टोमॅटो घालतो, पण हा शब्द मूळचा मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेचा. 'तोमात्ल' म्हणजे रसाळ, बियांनी भरलेले गोल फळ. त्यात पुन्हा जाती. तांबडा तो 'शितोमात्ल', पापुद्र्यातला हिरवा तो 'मिल्तोमात्ल', म्हणजे शेतातला. परक्यांनी नुसता 'तोमात्ल' तेवढा उचलला आणि तोच जगभर गेला.

स्पेनने १५२१ साली तिथली राजधानी जिंकली. पुढे आलोन्सो दे मोलिना या ख्रिस्ती साधूने १५५५ मध्ये या भाषेचा शब्दकोश छापला व १५७१ मध्ये तो वाढवला. तिथल्या मुलांत खेळत तो लहानपणीच ही भाषा शिकला होता. त्याच्या कोशात मक्याचे शब्द पाहा. दाणा न भरलेले कोवळे कणीस 'शिलोत्ल', दाणे भरलेले हिरवे कणीस 'एलोत्ल', वाळलेले कणीस 'सेंत्ली', सोललेले वाळके दाणे 'त्लाओल्ली'. आपल्या ज्वारीची पोटरी, हुरडा, कणीस तसेच हे. ज्याने पीक राखले त्यालाच इतके शब्द लागतात.

मातीचेही तसेच. पाण्याने वाहून आणलेली सुपीक माती 'आतोक्त्ली', म्हणजे आपली मळई. वाळूची जमीन 'शालाल्ली'. मातीखालचा टणक थर 'तेपेतात्ल'. हा शब्द फोडला तर अर्थ निघतो 'दगडी चटई'! मुळी तिथे का अडते, हे नावच सांगते.

१५४० च्या सुमारास तेपेत्लाओस्तोक भागात शेतांची नोंद झाली. घरवार शेते, बाजूंची मापे, क्षेत्र आणि प्रत्येक शेताच्या मातीची जात, सारे चित्रांनी दाखवलेले. जणू सातबाराच. ती माणसे गेली, पण शब्द कागदावर राहिले, म्हणून त्यांची जमीन कशी होती हे आज कळते.

आपल्याकडे मळई, बरड, चोपण, मुरमाड हे शब्द म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत, पण नव्या पिढीला सगळी 'जमीन'च. मग चोपण आणि काळी एकाच पिशवीत मिसळून मातीचा नमुना तपासणीला जातो. अहवाल येतो, पण तो दोन्ही जमिनींना लागू पडत नाही, आणि खताचे पैसे वाया जातात.

तेव्हा यंदा नमुना घेण्याआधी वडीलधाऱ्यांना बांधावर न्या. कोणत्या तुकड्याला काय म्हणतात ते विचारा, वहीत लिहा. प्रत्येक जातीच्या मातीचा नमुना वेगळा घ्या आणि पिशवीवर गट नंबराबरोबर तिचे गावठी नावही टाका.