हवेतली पंचवीस मिनिटे

पावसाळ्यात भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी वाहू लागले, की मुंबई आणि पुणे ही दोन्ही शहरे तिथे एकाच वेळी भिजायला येतात. त्यातल्या कुणाला सांगितले, की बाबा रे, तू दोन विमानतळांच्या जवळजवळ मधोमध उभा आहेस, तर तो हसेल. पण नकाशावर पट्टी ठेवून पाहा. मुंबईचा सहार आणि पुण्याचा लोहगाव यांच्यात सरळ रेषेत अंतर भरते सुमारे १२४ किलोमीटर, आणि ती रेघ भुशीच्या थोड्या उत्तरेकडून जाते.

ताशी आठशे किलोमीटरने जाणाऱ्या जेट विमानाला हे अंतर नऊ-दहा मिनिटांचे. अर्थात एवढ्याशा पल्ल्यात तो वेग गाठणार कधी? विमान वर चढून सरळ होते न होते तोच उतरायला लागते. म्हणजे हवेत वीस-पंचवीस मिनिटे. वेळापत्रकात मात्र तासाभराचा आकडा, कारण धावपट्टीपर्यंत सरकणे, रांग, मुंबईवरच्या घिरट्या हे सारे त्यात आले. घर ते विमानतळ, तपासणी, सामान, पुन्हा टॅक्सी हे मिळवा. चार तास सहज जातात. १९३० साली सुरू झालेली दख्खनची राणी १९२ किलोमीटरचा लोहमार्ग सव्वातीन तासांच्या आसपास कापते आणि भर शहरात आणून सोडते. बँकेत कर्जदाराला व्याजाचा दर आधी सांगत, शुल्क त्याला मागाहून कळे. उड्डाणाचा वेळ हा तसलाच दर! ही विमानसेवा अधूनमधून सुरू होते नि बंद पडते, यात नवल नाही.

या वाटेवरचा वेळ जमिनीवरच ठरत आला आहे. बोरघाटातून रेल्वे १८६३ साली धावू लागली. चढ ३७ फुटांना एक फूट. वाफेच्या इंजिनांना पाणी हवे, म्हणून रेल्वेने इंद्रायणीवर भुशीचे धरण बांधले. आपण ज्याला सहलीचे ठिकाण म्हणतो, ते मुळात गाडी चालती ठेवण्याचे साधन.

आता हिशेब बदलला आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. भुशीपासून सरळ रेषेत लोहगाव सुमारे ५७ किलोमीटर, तर हा नवा विमानतळ ४६. घाटाखालचा विमानतळ मावळाला प्रथमच जवळचा झाला. पिंपरी-चिंचवडचे कुटुंबही आता तिकिटांचे भाव ताडून पाहील.

मग पुरंदरला विमानतळ हवा कशाला, असा प्रश्न येणारच. तिथे सात गावांच्या जमिनी जायच्या आहेत आणि शेतकऱ्यांचा विरोध आहे. घाईने ‘नको’ म्हणणे मला पटत नाही. लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, त्याला मर्यादा आहेत. आणि नागपूरला जाणाऱ्या पुणेकराने आधी घाट का उतरावा? पण जमीन मागण्यापूर्वी नव्या मुंबईकडे किती प्रवासी वळतील, याचा आकडा त्या सात गावांपुढे ठेवायला हवा. आणि जे वळतील त्यांच्यासाठी रेल्वे हवी. कर्जत-पनवेल लोहमार्ग आहेच. पुण्याहून निघून लोणावळ्याला थांबणारी, थेट विमानतळासाठीची गाडी ही काही अचाट मागणी नाही.

तोवर जुलैतल्या एखाद्या रविवारी, भुशीची गर्दी परतीच्या वाटेवर असताना, रात्री नऊच्या विमानासाठी पुणेकराला दुपारी तीनलाच घर सोडावे लागेल.