थोरली आणि धाकटी

‘बँकर’ म्हणजे आपणच, असे मी नोकरीभर समजत होतो. कर्जतला दुसरा अर्थ कळला: बोरघाटात गाडीला मागून रेटणारी इंजिने!

जपानने १९५८ साली टोकियो-ओसाका मार्गावर ‘कोदामा’ ही विजेची जलद गाडी आणली. तिला वेगळे इंजिन नव्हते. मोटारी डब्यांखालीच वाटून बसवलेल्या. २०२३ पासून मुंबई-सोलापूर ‘वंदे भारत’ त्याच रीतीने, बँकरविना घाट चढते. कौतुक आहेच. पण आम्हा निगडीकरांची, आकुर्डीला थांबणारी पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून याच जातीची! धाकट्या सुनेचे कोडकौतुक जरूर करा. रोज घर सांभाळणाऱ्या थोरलीच्या फेऱ्याही वाढवा. भार वाटून घेणाऱ्या गाडीचे सुखही सर्वांना वाटून मिळायला हवे.