ताटी, चीक आणि पट्ट्यांचा पडदा

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या दीपनगरच्या घरातील पश्चिमेकडील खिडकीचा पट्ट्यांचा पडदा अर्ध्यावर अडकला. डावी बाजू वर, उजवी खाली, आणि मधल्या फटीतून चार वाजताचे ऊन थेट टेबलावर. भुसावळ परिसराचा उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे संकट क्षुल्लक वाटणार नाही. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि पश्चिमेचे कलते ऊन छज्जाला जुमानत नाही. समोर ५०० मेगावॅटचे दोन संच वीज निर्माण करीत असताना आम्ही मात्र एका दोरीच्या गाठीपुढे हतबल होऊन बसलो होतो.

दुरुस्तीसाठी माणूस मिळाला नाही. मिळाला तो नवा पडदा विकणारा. ‘हे कोणी दुरुस्त करत नाही, सर,’ असे त्याने अत्यंत ममतेने सांगितले. तेव्हा आम्हीच स्टुलावर चढलो.

वरच्या पत्र्याच्या पेटीत एक खटका असतो. पडदा उचलणाऱ्या दोऱ्या त्यातून खाली येतात. दोरी एका बाजूला ओढून सोडली की खटक्यातील दातेरी चाक तिला धरून ठेवते. त्या चाकात धूळ साचली की ते एक तर दोरी सोडत नाही किंवा धरत नाही. (ही धूळ कोठून येते, हा वाद आमच्या वसाहतीत जुना आहे, तो येथे नको.) कोरड्या ब्रशने ती काढली. तेल घालण्याचा मोह आवरला, कारण तेलावर धूळ अधिक बसते. एक दोरी खटक्यापाशी झिजून केसासारखी झाली होती. नवी दोरी ओवण्याची युक्ती आमच्या शेजारच्या काकूंनी सांगितली: जुनी दोरी काढून टाकायची नाही, तिच्याच टोकाला नव्या दोरीचे टोक दोऱ्याने घट्ट बांधायचे आणि जुनी ओढून घ्यायची, नवी आपोआप तिच्या वाटेने जाते. परकराची नाडी घालणाऱ्या हातांना हे ज्ञान शिकवावे लागत नाही. एक पट्टी मोडली होती. तळाची दांडी सोडवून सर्वांत खालची, तशीही जास्तीची असलेली पट्टी तिच्या जागी सरकवली. मग पडदा पूर्ण खाली सोडून दोन्ही दोऱ्या समान करून गाठ मारली. लोंबणारी दोरी मात्र आता भिंतीवरच्या खुंटीला उंचावर गुंडाळून ठेवतो. अशा दोऱ्यांचा फास लहान मुलांच्या गळ्याभोवती बसून जीव गेल्याच्या घटना अनेक देशांत घडल्या आहेत.

एवढे सगळे करूनही खोली फारशी थंड झाली नाही. याचे कारण सोपे आहे. पडदा काचेच्या आत आहे. ऊन काच ओलांडून आत आले, पट्ट्या तापल्या, आणि ती उष्णता आता खोलीतच राहते. ऊन अडवायचे तर ते काचेच्या बाहेर अडवले पाहिजे. आपल्याकडील जुन्या माणसांना हे ठाऊक होते. चिकाचा पडदा ओसरीच्या बाहेरच्या कडेला सोडला जाई. वाळ्याची ताटी दारात बाहेरून लावून तिच्यावर पाणी शिंपडत. खानदेशच्या कोरड्या हवेत ते पाणी झपाट्याने उडे आणि आत सुगंधी गारवा येई. मुंबईच्या दमट हवेत ही युक्ती चालत नाही. रेल्वेच्या बिगर-वातानुकूलित डब्यांतील पट्ट्यांची झडप तर भुसावळच्या प्रत्येक पोराने खाली-वर केलेली आहे.

ताटी हा शब्द लिहिला आणि आम्ही थांबलो. येथूनच आमचे खरे म्हणणे सुरू होते.

आमच्या दारावरून जाणाऱ्या महामार्गाने वरणगाव ओलांडून पूर्वेला गेले की मुक्ताईनगर लागते, पूर्वीचे एदलाबाद. तापीकाठच्या मेहूण येथे इ. स. १२९७ मध्ये मुक्ताबाई विजेच्या कडकडाटात अंतर्धान पावल्या अशी परंपरा आहे. दरवर्षी आषाढी वारीसाठी येथून त्यांची पालखी निघते. त्याच मुक्ताबाईंच्या नावावर ताटीचे अभंग आहेत. लोकांच्या अपमानाने उद्विग्न झालेले ज्ञानेश्वर ताटी लावून आत बसले आणि धाकट्या बहिणीने बाहेरून त्यांची समजूत घातली, ही कथा सर्वांना माहीत आहे. हे अभंग आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. ताटी म्हणजे मनाची कवाडे, ताटी म्हणजे अहंकार, ताटी म्हणजे देहभाव. परीक्षेत विद्यार्थी हेच लिहितात आणि आम्ही त्याला गुण देतो.

ताटी म्हणजे काय, हे मात्र आम्ही कधी सांगितले नाही. ती बांबूच्या कामट्यांची, तुराट्यांची वा गवताची बांधलेली हलकी झडप. तिला सागवानी दाराचे वजन नाही. तिच्यातून हवा जाते, उजेड जातो, आणि मुख्य म्हणजे आवाज जातो. लहान मुलीनेही जोराने लोटली तर ती सरकावी. हे एकदा डोळ्यांसमोर आणा आणि मग ते अभंग पुन्हा वाचा. आतला माणूस बाहेरचे सगळे ऐकतो आहे, कदाचित फटींतून बहिणीची आकृती त्याला दिसतेही आहे. आणि बाहेरची मुलगी, जिला ती ताटी सहज ढकलता आली असती, ती ढकलत नाही. ती विनवते. आतून उघडली जाण्याची वाट पाहते. ‘मनाची कवाडे’ म्हटल्याबरोबर हा सगळा ताण नाहीसा होतो, कारण कवाडांपुढे विनवण्याखेरीज इलाज नसतो. ताटीपुढे असतो, आणि तो वापरायचा नाही असे तिने ठरवलेले असते.

आमचे एक स्नेही यावर हसतात. साहित्य म्हणजे वस्तुसंग्रहालय नव्हे, असे त्यांचे म्हणणे. प्रतिमा वस्तूला मागे टाकते म्हणूनच ती प्रतिमा होते. आम्हाला हे अर्धेच पटते. मागे टाकायला आधी वस्तू हवी ना? आलँ रॉब-ग्रिये या फ्रेंच कादंबरीकाराची १९५७ची ‘ला जालूझी’ पाहा. फ्रेंचमध्ये ‘जालूझी’ म्हणजे मत्सर, आणि ‘जालूझी’ म्हणजेच खिडकीचा पट्ट्यांचा पडदा. या कादंबरीतील निवेदक पती स्वतःला एकदाही ‘मी’ म्हणत नाही. पट्ट्यांच्या फटींतून पत्नीकडे व शेजाऱ्याकडे पाहत राहतो, आणि मधूनमधून केळीच्या बागेतील ओळी मोजतो. लेखक स्वतः कृषितज्ज्ञ होता व केळीवर त्याने काम केले होते. रावेर-यावलच्या वाचकाला त्या ओळी परक्या वाटू नयेत! इंग्रजी अनुवादाच्या शीर्षकात मत्सर उरला, पडदा गेला. मराठीत आणायची झाली तर काय करणार? ‘चीक’ म्हणावे तर केळी कापणाऱ्याला हातावरचा चीक आठवेल. दोन्ही अर्थ एका शब्दात मावत नाहीत हे खरे. पण पडदा कसा चालतो हे ज्याला माहीत नाही त्याला काही हरवले आहे हेही कळणार नाही. पट्ट्या किंचित कलत्या ठेवल्या की आतल्याला बाहेरचे दिसते आणि बाहेरच्याला आतले नीट दिसत नाही. त्या कादंबरीचे निवेदनतंत्र नेमके हेच आहे.

आपल्या जवळचा दाखला बहिणाबाई चौधरींचा. १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी प्रसिद्ध झाली तेव्हा जाते, चूल, मोट ही खानदेशातील घराघरांत नांदणारी साधने होती. आज त्या कवितांखाली शब्दार्थ द्यावे लागतात. शब्दार्थ देऊन वस्तू परत येत नाही, हे आम्ही वर्गात रोज पाहतो. वस्तू बिघडते, ती दुरुस्त करणारे हात जातात, मग तिच्या भागांची नावे जातात, आणि शेवटी कवितेत तिचे फक्त प्रतीक उरते. आमच्या पडद्याच्या खटक्याला मराठीत काय म्हणतात? ‘खटका’ हा शब्द आम्ही स्टुलावर उभे असताना नाइलाजाने वापरला. काकूंनी त्याला ‘चावा’ म्हटले, आणि तो शब्द आमच्या शब्दापेक्षा चांगला आहे.

पडद्याची उजवी बाजू अजून बोटभर खालीच आहे. पुढील आठवड्यात ताटीच्या अभंगांचा तास आहे. वरणगावच्या रस्त्याला एका शेताच्या बांधावर तुराट्यांची ताटी लावलेली खोपी आहे. शेतमालकाची परवानगी मिळाली आहे. विद्यार्थ्यांपैकी एकाला आत बसवायचे आणि इतरांनी बाहेरून अभंग वाचायचे, असे ठरले आहे.